दर दिवाळीचं विमान

गोपालने फोन स्पीकरवर टाकला आणि सतरंजीच्या मधोमध ठेवला. सगळ्यांनी ऐकावं म्हणून. आईच्या तेरवीचं जेवण उरकलं होतं. मांडवात घरचीच आठदहा माणसं उरली होती आणि बंगळूरहून आलेला कौसल्याबाईंचा एकुलता एक मुलगा आता विमान कंपनीची सालटी काढणार होता.

“तुमच्या संपामुळे मला माझ्या आईचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही,” तो ओरडला. “सात वर्षं मी दुसऱ्या कंपनीच्या विमानात पाय ठेवला नाही. गोल्ड कार्ड आहे माझ्याकडे. आणि तुम्ही मला बारा तास विमानतळावर बसवून ठेवता?”

“माफ करा, सर,” पलीकडची मुलगी म्हणाली. आतापर्यंत तिने सहा वेळा माफी मागितली होती.

माफीने काय होतं? कौसल्याबाई पहाटे गेल्या. तालुक्याच्या गावी, नेरला, पुरेसा बर्फ मिळेना, तर थेट यवतमाळच्या लोहाऱ्यातल्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या, त्यांवर त्यांना ठेवलं आणि गाव थांबलं. तिकडे कंपनी गोपालला ‘दोन तासांत सोडतो, दोन तासांत सोडतो’ म्हणत झुलवत राहिली. संध्याकाळी सांगितलं, कर्मचाऱ्यांचा संप आहे, विमान रद्द. दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फाचं पाणी झालं. शेवटी अग्नी दिला तो शीलाने, गोपालच्या धाकट्या बहिणीने. बस बदलत बदलत गोपाल पोहोचला तेव्हा राख सावडून झाली होती. अशा कंपनीला शिव्या घालायच्या नाहीत तर कोणाला?

खरं म्हणजे या घराचा त्या कंपनीवरचा राग जुनाच. तो कौसल्याबाईंनी वाढवलेला. त्यांनी जन्मात विमान जवळून पाहिलं नव्हतं, पण ही कंपनी त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. दर दिवाळीला त्या अनारसे करायच्या, खाटेवर नवी चादर घालायच्या, गोपालला नागपूरहून आणायला जीप सांगून ठेवायच्या. आणि धनत्रयोदशीला त्याचा फोन यायचा. विमान रद्द झालं, माय. एका वर्षी संप, एका वर्षी धुकं, एका वर्षी इंजिनात बिघाड. कौसल्याबाई जीपवाल्याला नको म्हणून कळवायच्या आणि कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

“मंग दुसऱ्याच्या विमानानं काहून येत नाई रे बाप्पा?” त्या विचारायच्या.

“जुनी कंपनी आहे, माय. चारदोन चुकांवरून सोडायची नसते,” गोपाल सांगायचा.

मागच्या वर्षी शीलाच्या मुलीला, सलोनीला, पुण्याला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. सोबत विमानाचं तिकीट, तेही नेमकं त्याच कंपनीचं. कौसल्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “ज्यायनं माह्या पोराले दिवाळीले घरी येऊ देलं नाई, त्यायच्या विमानात आपल्या घरचं मानूस बसनार नाई.” सलोनी रेल्वेने गेली. गाडी पाच तास उशिरा पोहोचली. नोकरी हुकली. आजीचा शब्द होता, म्हणून पोरीने हूं की चूं केलं नाही.

“सर, कंपनीतर्फे आम्ही तुम्हाला नागपूरचं एक मोफत तिकीट देऊ शकतो,” फोनवरची मुलगी म्हणाली.

“कशाला? आता इकडे माझं कोण आहे?” गोपालचे डोळे खरोखर भरून आले होते. समोर बसलेल्या शीलाने मान खाली घातली.

कौसल्याबाईंची बहीण तानाबाई इतका वेळ धुमसत होती. तिने पुढे होऊन फोनच उचलला.

“ए पोरी, मी याची मावशी बोलून राह्यली. एकडाव चुकलं त् मानूस सोडून देते. तुमी त् दर दिवाळीले याचं नागपूरचं विमान रद्द करता. सात वर्ष झाले. माही बहीन वाट पाहू पाहू मेली. तिनं तुमचं काय बिघडवलं होतं?”

“मावशी, राहू दे,” गोपाल म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. त्याने फोनसाठी हात पुढे केला.

तानाबाईने फोन छातीशी धरला. “तू चूप बस. तू त्यायले धरून राह्यला म्हनून ते माजले.”

“एक मिनिट, आजी. सरांचं रेकॉर्ड बघते.” कळा दाबल्याचा आवाज आला. आता कंपनी सापडली, म्हणून सगळे पुढे सरकले. सलोनीसुद्धा.

“मावशी, बंद कर तो फोन,” गोपाल म्हणाला.

“सर, सात वर्षांत तुमचे आमच्याबरोबर एकशे चौदा प्रवास झालेत,” मुलगी म्हणाली. सहा माफ्यांनंतर तिला सांगण्यासारखं काहीतरी चांगलं मिळालं होतं. “दिवाळीच्या सुट्टीत तर दर वर्षी. गोवा, कोची, दोनदा सिंगापूर. त्यातलं एकही विमान रद्द झालेलं नाही. नागपूरचं तिकीट मात्र तुम्ही या वेळी पहिल्यांदाच काढलं होतं.”

तानाबाईने फोन सतरंजीवर ठेवला आणि पदराला हात पुसला.

“या वेळी संप खरा होता, शीला,” गोपाल म्हणाला. “देवाशपथ, या वेळी खरा होता.”

“माफ करा, सर. तुमची गैरसोय...” फोनमधून सातवी माफी सुरू झाली.

शीलाने फोन उचलला. ती भावाकडे बघत होती, बोलत मात्र फोनवर होती.

“बाई, तू कायले माफी मागतं? माफी त् आमी मागाले पायजे. माह्या मायनं सात वर्ष भलत्याच मानसाले शिव्या देल्या.”