थापाडीचा खेळ

"कुलूप आहे," पुरावा म्हणाला.

"मला डोळे आहेत," थापाडी म्हणाली आणि बाबांच्या जुडग्यातून ढापलेली किल्ली तिने कुलपात फिरवली.

ही दोन्ही नावं वर्गाने ठेवलेली. तो 'पाणी ओलं असतं' म्हटलं तरी पुरावा मागायचा. ती तोंड उघडलं की थाप मारायची. एकाच बाकावर दोघांचं बरं चाललं होतं. पण गेल्या आठवड्यात तिने कहर केला. तिचे बाबा तारांगणात यंत्र चालवायचे, एवढं खरं. तिने वर जोडून दिलं, की सगळे खेळ तीच चालवते. बाबा नुसती तिकिटं फाडतात.

"दाखव," पुरावा म्हणाला होता. "हीपण थाप निघाली, तर मी मागच्या बाकावर."

तो बोललेलं करायचा. यंत्राला तिने आजवर बोटही लावलं नव्हतं. बाकावर मात्र दुसरं कुणी तिला चालणार नव्हतं.

दारावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी होती.

"बंद आहे की."

"आपल्यासाठी ठेवलंय. उगाच गर्दी नको."

दिवस मावळून गेला होता. आत ओल्या रंगाचा वास होता, खुर्च्यांच्या रांगा जेमतेम दिसत होत्या. मधोमध ताडपत्रीखाली काहीतरी उंच उभं होतं. एरवी दुधासारखा पांढरा असणारा घुमट आज मळकट नारिंगी दिसत होता.

"छताला हा कसला रंग?"

"नवा दिलाय. वास येत नाही का?"

पुरावा एका कलत्या खुर्चीत आडवा झाला. थापाडी भिंतीजवळच्या बटणांपुढे जाऊन उभी राहिली. एक लाल बल्ब मिणमिणत होता. कुठलं बटण कशाचं, देव जाणे. तिने दोन्ही तळव्यांत मावतील तेवढी बटणं दाबली. ढिम्म. मग खालचा जाडजूड खटका सगळा जोर लावून ओढला.

ठप्प.

लाल बल्ब विझला. मिट्ट काळोख झाला. संपलं, तिला वाटलं. आपण डोळे मिटलेत हेही तिला कळलं नाही.

"अगं," पुरावा हळूच म्हणाला. त्याचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता.

तिने डोळे उघडले आणि मान वर केली.

तारे होते. बाबांच्या खेळात असायचे तसे मोजके, नीटनेटके नव्हे. जात्याभोवती पीठ सांडावं तसे, एकावर एक. मधून एक पांढुरका पट्टा गेला होता. काही तारे इतके खोल होते की बघताना पायाखाली जमीन आहे ना, असं वाटावं. ती चाचपडत आली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"वारा येतोय," तो कुजबुजला.

"नवा ए.सी."

"तो लाल ठिपका चालतोय बघ."

"ग्रह आहे. घाईतला."

लांबून माणसांचा गलका ऐकू आला.

"आणि हे?"

"मागच्या खेळाचे प्रेक्षक. आवाज साठवून ठेवलेत."

तो हसला नाही. त्याने पुरावाही मागितला नाही. वर बघतच म्हणाला, "मला वाटायचं, चित्रातच असतं असं."

आता मात्र थापाडीला राहवेना. एवढ्या ताऱ्यांखाली खोटं बोलणं तिलाही जड जाऊ लागलं.

"खरं सांगू? मला यंत्र चालवता येत नाही. आजच पहिल्यांदा हात लावला. हे कसं झालं, मला माहीत नाही."

"झालं," पुरावा म्हणाला. "जन्मात एकदा खरं करून दाखवलंस, त्यावरपण थाप." अंधारात त्याने तिचा हात शोधला आणि धरून ठेवला. "मी कुठेही जात नाहीये, कळलं? त्याच बाकावर."

तेवढ्यात दार आपटलं. बाबा टॉर्च घेऊन धापा टाकत आत आले.

"तू इथे? कशाला हात लावलास?"

"सगळ्यालाच," ती म्हणाली. "पण बाबा, यंत्र बघा ना, किती छान चाललंय."

"कुठलं यंत्र?" बाबांनी ताडपत्री ओढली. खाली रंगाऱ्यांची शिडी होती आणि चार डबे. "यंत्र परवाच दुरुस्तीला गेलं, घुमटाचे पत्रे काल उतरवले. आणि तू तो खटका ओढलास तेव्हापासून, पोरी, अख्ख्या शहरात एक दिवा नाही."