आबांची जागा

आईच्या कबरीशेजारची माती ताजी होती.

दिपमाला जागच्या जागी थिजली. फुलांची पिशवी हातातून कधी गळाली, तिला कळलंच नाही. आईच्या डाव्या अंगाची ती जागा आबांची होती. सात वर्षांपूर्वी आईला मूठमाती दिली, त्याच आठवड्यात आबांनी स्वतःच्या हाताने विटा लावून दोघांच्या जागेभोवती एकच कठडा केला होता. तिथे ते कोणाला पाय ठेवू देत नसत. आता तिथे माणसाच्या लांबीचा उंचवटा होता आणि डोक्याशी दोन फळकुटांचा क्रूस.

कालपासून आबांचा फोन बंद होता. आज आईचा स्मृतिदिन, भेट होणारच आहे, म्हणून तिने ते मनावर घेतलं नव्हतं. अमळनेरहून सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला उतरून ती थेट दफनभूमीत आली होती.

"आबा!" ती किंचाळली आणि मटकन खाली बसली. मला कोणी कळवलंसुद्धा नाही?

"अगं, इथे आहे मी."

तिने मान वळवली. फाटकातून आबा येत होते. हातात पाण्याची बादली, सदऱ्याला माती. ती धावली, त्यांचे दोन्ही दंड धरून तिने ते दाबून पाहिले. मग एकदम हात सोडले.

"मग हे कोण आहे?"

आबांनी बादली खाली ठेवली. "वना नाव त्याचं. शिरपूरकडच्या एका पाड्यावरचा. बावीस वर्षांचा. इथे दवाखान्यात गेला बिचारा. ख्रिस्ताचं नाव घेतलं म्हणून पाड्यावर माती देऊ देईनात. टेम्पो तसाच माघारी आला. इथे तर नवी जागा केव्हाच संपलीय. पाळकसाहेब फोनावर फोन करत होते आणि पोर टेम्पोत पडलेलं. मे महिन्याचं ऊन, दिपा. वास सुटायला लागला होता."

"म्हणून तुमची जागा दिलीत?"

"मला घाई नव्हती. त्याला होती."

शेवटच्या दिवसांत आईने एवढं एकच मागितलं होतं. माझ्या शेजारी या, मध्ये कोणी नको. आबांनी तिच्या कपाळावर हात ठेवून हो म्हटलं होतं. दिपमाला तेव्हा खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

"तुम्ही आईला शब्द दिला होता, आबा! पुनरुत्थानाच्या दिवशी ती डोळे उघडेल, तेव्हा शेजारी कोण दिसेल तिला? कुठल्या पाड्यावरचा परका पोरगा?"

आबा कठड्यावर बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला काय मोठा संत समजतेस? रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे तर वाटलं, जावं, माती उकरावी आणि जागा परत घ्यावी. असं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?"

त्यांचे ओठ थरथरायला लागले. दिपमालाने आपल्या बापाला असं कधी पाहिलं नव्हतं, आईच्या मयतीलासुद्धा नाही.

तेवढ्यात निंबाच्या झाडामागे काहीतरी हललं. तिथे एक मुलगी बसलेली होती. एकोणीस-वीसची असेल. विटका पदर डोक्यावरून घेतलेला, पायांत चपला नाहीत. इतका वेळ ती तिथेच होती.

"त्याची बायको," आबा म्हणाले. "रूपा. काल आपल्याच घरी झोपली. आता दुपारच्या गाडीने जाईल."

दिपमालाचा चेहरा उतरला. आपण काय काय बोललो, ते एकेक तिला आठवायला लागलं. रूपा उठून जवळ आली. भांडायला नाही, रडायलाही नाही. ती आईच्या कबरीपाशी उकिडवी बसली आणि फरशीवरच्या अक्षरांवरून तिने बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं.

"ही तुमनी माय शे का?"

"हो," दिपमाला कशीबशी म्हणाली.

रूपाने फरशीवरची धूळ पदराने पुसली.

"मंग मायले सांगी ठेवा, ताई. तो झोपमा दचकस. आंगवर हात ठेवा का निजी जास."