टाकीच्या बुडातलं मीठ

चांगुणानं पाणबुड्याच्या हवेच्या टाकीच्या बुडाचा रबरी बूट ओढून काढला, तशी पांढरी भुकटी तिच्या मांडीवर सांडली. तिनं चाकूचं टोक लावून पाहिलं. धातूत हरभऱ्याएवढा खड्डा पडला होता. टोक आत रुतलं.

"मालवणहून आल्यावर ही धुतली न्हाई तुमी," ती नवऱ्याला, श्रीमंतला म्हणाली. "खारं पानी बुटात तसंच मुरलंय. भरू नका."

"अ‍ॅल्युमिनियम हाय ते. लोखंडावानी गंजत न्हाई."

"लाल व्हत न्हाई. पांढरं व्हतं."

श्रीमंतनं टाकी हिसकावली आणि शेडमधल्या कॉम्प्रेसरला जोडली. उताराखाली, भंडारदऱ्याच्या पाण्याशी माणसं त्याच्या बुडीसाठी ताटकळली होती. काल बुडालेला संगमनेरचा माणूस अजून सापडला नव्हता. त्याची बायको ओल्या दगडावर बसून होती. हवालदार दर पाच मिनिटांनी खालून श्रीमंतला हाक मारत होता.

हवेच्या दाबाचा काटा शंभरावर गेला. कॉम्प्रेसर बंद करायला चांगुणा बटणाकडे झेपावली. श्रीमंतनं तिचा हात पिरगाळला आणि तिला खांबावर फेकलं. तिचा ओठ फुटला.

"लोकांम्होरं मला शिकवती व्हय?"

काटा दीडशेवर आला. तो टाकीला खेटूनच उकिडवा बसला. सांगून तो हलणार नव्हता. मारायला मात्र नक्की उठला असता.

चांगुणा शेडबाहेर आली. तिनं दगड उचलून त्याच्या पाठीत घातला. दुसरा कानावर बसला आणि रक्त आलं.

"या की," ती म्हणाली. "बायकूवरच चालतो ना तुमचा हात?"

तो धावला. ती चढावर पळाली, मोठ्या खडकामागं गेली आणि तिथं थांबली. त्यानं तिचे केस धरून तिला खाली पाडलं. पहिली बुक्की नाकावर बसली. दुसरीसाठी त्यानं हात उगारला.

त्याच वेळी टाकी फुटली. जमीन हादरली, शेडचे पत्रे झाडांवरून उडाले. टाकीचा फाटलेला तुकडा खडकाच्या पलीकडच्या अंगाला आदळला. खाली बायामाणसं ओरडू लागली.

धूळ बसली, तेव्हा श्रीमंत बसला होता तिथं काहीच उरलं नव्हतं. तो तिकडं बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते, पण चांगुणाच्या कानात नुसती शिटी वाजत होती. तिचे केस अजून त्याच्या मुठीत होते.

तिनं त्याची बोटं एकेक करून उकलली. तोंडातलं रक्त थुंकली, आणि उतार उतरून निघाली, त्या बाईला सांगायला, की अजून थोडा वेळ लागेल.