गोलकीपरची जाळी

घारीनं परसातून बदकाचं दुसरं पिल्लू उचललं, तेव्हा उरलेली बदकं देऊन टाकायचं सुनेनं ठरवलं. सासऱ्यांनी माळ्यावरून गोलपोस्टची जुनी जाळी उतरवली. तरुणपणी ते गोलकीपर होते. संघ मोडला आणि जाळी त्यांच्या गळ्यात पडली. “बाबा, हिची तर चाळण झालीय!” सून म्हणाली. “होणारच. गोल काय कमी खाल्लेत मी?” म्हणत त्यांनी सुतळीनं भोकं शिवली आणि जाळी परसभर ताणली. दुपारी घार बाणासारखी आली आणि धाडकन जाळीवर आदळली. गोल झाल्यासारखी जाळी हलली, तशी सवयीनं सासऱ्यांची मान खाली गेली. “बाबा, वर बघा! गेली हात हलवत!” सून ओरडली. पिल्लं आईच्या पंखाखाली सुखरूप होती. मग, गोल मारणारे करतात ना, तसे सासऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा दोन्ही हात वर केले.