दारावरची अंडीवाली

रस्त्यानं अंडीवाली नुसती ओरडत गेली, तरी गंगव्वा तिला शिव्या घालून उंबरा धुऊन काढायची. लिंगायताचं घर, तिथं अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. आणि त्याच घरच्या न्हाणीत तिची नवी सून सुमंगला डोक्याला अंडं फासून बसली होती! केस मधेच तुटायला लागले, म्हणून शेजारणीनं ते गुपचूप आणून दिलं होतं. सुमंगलानं बंबातलं कढत पाणी डोक्यावर ओतलं, हात फिरवला आणि किंचाळलीच. केसाकेसात अंडं शिजून बसलं होतं! जन्मात अंड्याला हात न लावलेल्या पोरीला, ते असं शिजतं हे कुठनं ठाऊक असणार?

गंगव्वा धावत आली. दार ढकललं आणि वास येताच जागीच थबकली. सुमंगलाला वाटलं, आता माहेरची वाट धरायची, दुसरं काय!

गंगव्वानं आतनं कडी घातली, गार पाण्याची घागर ओढली आणि सुनेचं डोकं खाली दाबलं.

"गार पाण्यानं धुवायचं असतंय, येडे! आणि नुसतं अंडं लावलं की केस काडीगत कडक होऊन मोडत्यात. त्यात निम्मं दही घालायचं. अंड्यानं बळ येतंय, दह्यानं मऊपणा."

"आत्याबाई, तुम्हाला हे कसं..." सुमंगलानं वाकल्या वाकल्याच विचारलं.

गंगव्वा तिच्या केसातला पांढरा तुकडा काढत म्हणाली, "मी अंडीवालीला शिव्या घातल्या, की परसदारी जाऊन बघत जा. दोन ठेवून जाती ती."