सॉरीचा जुना अर्थ

बांध उतरायच्या आधी बबनरावांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात एकदा बोलून पाहिला. सॉरी.

‘चुकलं माह्यं’ म्हणायची सोय नव्हती. चुकलं म्हटलं की समोरचा विचारतो, काय चुकलं? सॉरीला पुढचा प्रश्न नसतो.

चुकलं ते एवढंच. गव्हात तणनाशक मारलेला फवारणीचा पंप त्यांनी न धुता शेजारच्या आवडाबाईला दिला. तिच्या सुनेनं, रीतानं, त्यातच अळीचं औषध भरून वांग्यावर मारलं. आठ दिवसांत शेंडे पिळले गेले, पानं दोऱ्यासारखी बारीक झाली. तो रोग नव्हता, पंपात उरलेलं तणनाशक होतं. बबनरावांना पाहताक्षणी कळलं होतं.

सॉरी. शब्द इंग्रजी. मूळ अर्थ : सकाळी लेकीनं, रुचिकानं, मोबाइलवर वाचून दाखवला होता.

‘बाबा, हे माफी नव्हतंच आधी. जखम, दुखरं, त्याच्यातून आलं. सॉरी म्हणजे, मले दुखून राह्यलं. बस. माफीचा अर्थ मंग चिकटला त्याले.’

‘दुसऱ्याचं दुखलं तरी म्हणतेत?’

‘हो ना. कोणाच्या घरी कोणी वारलं तरी म्हणतेत. तुमाले कायले पाह्यजे?’

‘असंच.’

ते बांध उतरले. रीता खाली बसून झाडं उपटत होती. चार सऱ्या मोकळ्या झाल्या होत्या.

‘या बबनभाऊ,’ आवडाबाई म्हणाली. ‘पाहा आमच्या सूनबाईची कारागिरी. म्हणे बारावी पास. झाकणभर औषध मोजता येत नाही.’

‘मोजूनच टाकलं होतं, आत्याबाई. एका पंपाले एक झाकण.’

‘मंग वांगे काय रुसून बसले?’

रीतानं पुढचं झाड उपटलं.

‘तिच्या बापाले फोन केला म्या,’ आवडाबाई बबनरावांना म्हणाली. ‘आसेगाववरून निघाला तो. घेऊन जाय म्हटलं पोरीले. हिले आता या वावरात पाय ठेवू देत नाही मी.’



‘वयनी,’ बबनराव म्हणाले. ‘सॉरी.’

आवडाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं पदर डोळ्याला लावला.

‘इतके लोक येऊन गेले. सारे शिकवून गेले, असं कराले पाह्यजे होतं, तसं कराले पाह्यजे होतं. दुखलं कोणाले? तुमाले.’

जुनाच अर्थ पोचला होता.

आता फक्त तीन शब्द बाकी होते. बबनरावांनी ते जुळवले, जिभेवर घेतले.

पंप

धुतला

‘च्या घेऊन जा, भाऊ,’ आवडाबाई म्हणाली.

तिसरा शब्द आत गेला तो गेलाच. बबनरावांनी मान हलवली. चहाला हो म्हटलं की नाही, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

आवडाबाई सुनेकडे वळली. ‘पाह्य वं. ज्याचं यात घेणं ना देणं, तो माणूस बांध उतरून सॉरी म्हणायले आला. अन् तुह्या तोंडातून आठ दिवसांत एक शब्द नाही. म्हण. त्याइच्या समोर म्हण.’

रीता उठली. हातातलं झाड तिनं खाली ठेवलं, मुळाची माती झटकून, जणू ते परत लावायचं होतं. तिनं बबनरावांकडे पाहिलं.

‘सॉरी, मामाजी.’

रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली.  दोघी त्यांच्याकडेच पाहत होत्या. सॉरीच्या मागून जे म्हणतात, ते म्हणायची पाळी त्यांची होती.

‘असू दे, पोरी,’ बबनराव म्हणाले. ‘होते चूक.’