घड्याळजींनी काय सोडलं?

घड्याळजींनी त्या दिवशीही चहात दोन चमचे साखर घालून घेतली, तेव्हा त्यांच्या बायकोने साखरेवर मनातल्या मनात काट मारली. साखर नाही. मग सोडलंय तरी काय यांनी?

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेताना त्यांच्या चर्चमध्ये प्रत्येक जण मनाशी एक गोष्ट सोडायचा, ती थेट ईस्टरपर्यंत. काय सोडलं ते सांगायचं नाही. ईस्टरच्या सकाळी मिस्साची प्रार्थना संपली की सभागृहात न्याहारी असायची, तिथे सगळ्यांनी उघड करायचं. तोवर तोंडाला कुलूप.

बायको शिंपीण. दुसऱ्याच्या कपड्यातली कच्ची शिवण तिला लांबून दिसायची. स्वतःच्या घरातलं गुपित कळेना म्हणून तिला चैन पडेना.

तंबाखूची डबी तिने हुंगून पाहिली; भरलेली होती. पत्त्यांचा डाव चालू होता. दुपारची झोप तर घोरण्यासकट चालू होती.

तरी काहीतरी बदललं होतं. पूर्वी दुकानात बिघडलेलं घड्याळ घेऊन गिऱ्हाईक आलं की घड्याळजी तोंडभरून म्हणायचे, ‘उद्या न्या की!’ आता चष्मा वर सारून म्हणत, ‘पंधरा दिवस तरी लागतील.’ गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून जाई. तिच्या भावाचा फोन आला की पूर्वी हे ‘घरी नाही म्हणून सांग’ अशी हातानेच खूण करायचे. आता स्वतः फोन घेऊन त्याचं सगळं पुराण ऐकत बसायचे.

त्यातच ऑर्गनमास्तरांनी तिला गाठलं. दर ईस्टरला वेदीपाशी उभं राहून एकटीने म्हणायचं गीत तिचं असायचं.

“यंदा ते कंपाउंडरच्या नव्या सुनेला द्यावं म्हणतो,” मास्तर चाचरत म्हणाले. “म्हणजे तुमची हरकत नसेल तर. घरी विचारून बघा.”

गाणं म्हणजे तिचा जीव की प्राण. लग्न झाल्यापासून तिच्या प्रत्येक गाण्यावर नवरा म्हणायचा, ‘काय गळा आहे तुझा!’ त्या एका वाक्यावर ती वर्ष काढायची.

संध्याकाळी तिने त्यांच्यासमोर अख्खं गीत म्हणून दाखवलं.

“कसं झालं?”

घड्याळजींनी घाईने डोळ्याला भिंग लावलं. “कडवी बरीच आहेत, नाही?”

“अहो, गाऊ की नको?”

“ते तुझं तू ठरव.”

ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली. आपला आवाज गेला, की नवऱ्याच्या मनातून आपणच उतरलो?

शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती संपवताना फादर म्हणाले, “जे सगळ्यात गोड वाटतं तेच सोडा. बाकीचं सोडणं म्हणजे देवाला फसवणं.”

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यांनी माझं कौतुक सोडलंय! इतक्या दिवसांत ना जेवणाला एक शब्द, ना गाण्याला.

खात्री करायला ती स्वतः शिवलेला नवा झगा घालून त्यांच्यासमोर उभी राहिली. घड्याळजींनी वर पाहिलं, खाली पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला.

“बटणं पक्की बसलीत,” ते म्हणाले.

तिला हसू आवरेना. बिचाऱ्याची जीभ किती शिवशिवत असेल! त्या रात्री तिने त्यांना भाजी दोनदा वाढली. त्यांनीही ती संपवली.

“मीच गाणार,” तिने ऑर्गनमास्तरांना ठणकावून सांगितलं.

“घरून काय म्हणाले?”

“न बोलता सगळं बोलले.”

मास्तरांनी नुसता सुस्कारा टाकला.

ईस्टरला ती जीव ओतून गायली. वरच्या पट्टीत तर डोळे मिटूनच घेतले. मिस्सा संपताच घड्याळजी दारातच तिच्या समोर आले, दोन्ही हात पसरून. “काय गळा आहे तुझा! कान तृप्त झाले! आणि झगा काय खुलून दिसतोय!”

तिचे डोळे भरून आले. तिथल्या तिथे तिने ऑर्गनमास्तरांना हाक मारून बजावलं, “पुढच्या वर्षीही मीच हं!”

न्याहारीला एकेक जण उठून सांगू लागला. पाववाल्याने पत्ते सोडले होते, ऑर्गनमास्तरांनी शिव्या. मग फादरांनी घड्याळजींकडे पाहिलं. “तुम्ही हो?”

तिने मान ताठ केली आणि कंपाउंडरच्या सुनेला, नीट ऐक म्हणून, कोपराने ढोसलं.

घड्याळजी अंडं सोलत होते. “खोटं बोलणं, फादर,” ते म्हणाले. “फार जड गेलं. आज सकाळी सुटलो एकदाचा!”